मी, सात लाख वीस हजार सातशे वीस

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. हसू नका. जुनी छत्री बोलते, जुनं घड्याळ आपलं रडगाणं गातं, ते तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. मग मीच काय घोडं मारलंय? माझं नाव सात लाख वीस हजार सातशे वीस. एका दमात म्हणून बघा. सात आणि वीस, पुन्हा सात आणि वीस. दिसायला मी नीटनेटकी आहे आणि हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, संख्येला कसला आलाय जन्म आणि कसलं आयुष्य? खरं आहे तुमचं. आम्ही संख्या जन्मत नाही आणि मरतही नाही. आकाशात एक चांदणी नव्हती तेव्हाही मी होते, आणि तेव्हाही मला सोळाने नि:शेष भाग जात होता. पण नुसतं असणं म्हणजे जगणं नव्हे. कोणीतरी कामाला लावतं, नावाने हाक मारतं, आपल्यावरून भांडतं, तेव्हा कुठे संख्या जगायला लागते. माझ्या शेजारणी बघा, एक माझ्याहून एकने लहान, दुसरी एकने मोठी. बिचाऱ्यांची अजून कोणी विचारपूस केलेली नाही. मला मात्र घर मिळालं. तेही गडचिरोली जिल्ह्यात, मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेपासून थोडं आत असलेल्या एका गावातल्या तलावावर.

मला तिथे आणलं झिंगू नावाच्या मासेमार ढिवराने. त्याला जाऊन आता तीन-चार पिढ्या लोटल्या. तलाव मोठा, आणि कोणा एका घरचं जाळं त्याला पुरत नसे. मग झिंगूने सगळ्यांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसवलं आणि सर्वांनी मिळून एकच थोरलं जाळं विणायचं ठरवलं. जाळ्याच्या प्रत्येक भोकाला आमच्याकडे डोळा म्हणतात. लांबीला पाच हजार चाळीस डोळे, खोलीला एकशे त्रेचाळीस. करा गुणाकार. सावकाश करा, मी थांबते. आले ना मी?

झिंगूने नियमही घालून दिला. ज्या घराची चूल वेगळी, त्याचा जाळ्यात वाटा वेगळा. प्रत्येक चुलीने सारखे डोळे विणायचे, आपला तुकडा फाटला तर आपणच सांधायचा, आणि मासळी चुलीमागे सारखी घ्यायची. एकही डोळा उरता कामा नये. कारण उरलेला डोळा कोणाचाच नसतो. तो फाटला तर सांधायला कोणी येत नाही, आणि भोक केवढंसं का असेना, रोहूला ते बरोबर सापडतं.

लांबीला पाच हजार चाळीस का, तर चुली वाढतात आणि घटतात. भाऊ वेगळे होतात, कोणी गाव सोडतं. झिंगूने चिंचोक्यांचे ढीग मांडून मांडून असा आकडा शोधला की चुली सात असोत, आठ असोत की नऊ, वाटणी चोख व्हावी. खोली एकशे त्रेचाळीसच का, हे मात्र तो कोणाला बोलला नाही. तलावाच्या पाण्याला तेवढी पुरत असेल. दोरा तिथे संपला असंही असेल. मला विचारू नका, मी त्या वेळी नवी नवरी होते.

आता थोडी आत्मप्रौढी ऐकून घ्या. एकपासून सोळापर्यंत कोणताही आकडा आणा, मला त्याने नि:शेष भाग जातो. हे जमणारी माझ्याहून लहान संख्या साऱ्या गणितात नाही. माझे विभाजक दोनशे चाळीस आहेत, आणि माझ्याआधीच्या एकीलाही इतका गोतावळा जमवता आलेला नाही. माझ्या पोटात चार वेळा दोन आहे, दोन वेळा तीन आहे, आणि पाच, सात, अकरा, तेरा एकेकदा आहेत. एवढ्यांना पोटात घेऊन मी कधी कुरकुर केली नाही.

माझी कामाची वर्षं मोठ्या मानाची गेली. दर काही वर्षांनी जाळं जुनं व्हायचं आणि नव्याने विणलं जायचं. पाळीवर मोहाच्या दोन झाडांना आडवा बांबू बांधायचा, त्याखाली एकेका चुलीने आपली उभी पट्टी विणायची. पट्टी वरपासून खालपर्यंत एकशे त्रेचाळीस डोळे असायची, आणि लांबीतला जो वाटा येईल तेवढी रुंद. मग मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा आटोपली की सगळ्या पट्ट्या जोडायच्या. जोडणीच्या दिवशी वस्तीतला वडीलधारा माणूस खड्या आवाजात म्हणायचा, "पाच हजार चाळीस लांब, एकशे त्रेचाळीस खोल, सात लाख वीस हजार सातशे वीस डोळे!" आणि सगळी वस्ती, कडेवरच्या पोरांसकट, माझ्या नावाचा गजर करायची. सांगा, किती संख्यांच्या नशिबी असा गजर असतो?

मध्यंतरी माझे वाईट दिवसही आले. बाजारात तयार जाळं मिळू लागलं, कापडासारखं मापून फाडून देतात ते. तरुण मंडळी म्हणाली, कोण बोटं झिजवत बसतो! झालं. मला कोणी विचारीना. तयार जाळ्याचे डोळे किती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मग एका वर्षी तळाशी बुडालेल्या खोडावर ते जाळं असं काही टरकन फाटलं की तलावभर मासळी डोळ्यांदेखत निसटली. सांधायचं कोणी, यावर भांडण झालं ते वेगळंच. दुसऱ्या वर्षी केवळरामने जाड दोरा आणवला, बांबूच्या सुया तासल्या आणि मी पुन्हा घरी आले. तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि माझे डोळे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

हा केवळराम म्हणजे झिंगूचा पणतू. सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा, शब्दाला पक्का. माझं नाव आता तोच घेतो. मोजणीत त्याने कधी कोणाला फसवलं नाही आणि स्वतःच्या मुलालाही सूट दिली नाही. आता जे सांगणार आहे त्यात तो तुम्हाला कठोर वाटेल. पण तो वाईट नाही, एवढं लक्षात ठेवा.

वस्तीत चुली होत्या बारा. पूर्वी दहा होत्या. एकाच उन्हाळ्यात दोन घरचे भाऊ वेगळे झाले, म्हणून दहाच्या एकदम बारा झाल्या. अकरा चुली कधी झाल्याच नाहीत, आणि म्हणून माझा अर्धा गुण कोणाला कळलाच नव्हता. बारा चुली, चारशे वीस डोळ्यांची एकेक पट्टी, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि गेल्या हिवाळ्यात, धान निघाल्यावर, पाळीवरच्या बैठकीत चंदाबाई उभी राहिली.

चंदाबाई या गावची लेक. लग्न होऊन चिमूरच्या पलीकडे नदीकाठच्या गावात गेली होती. नवरा गेला, दिरांनी तोंड फिरवलं, आणि ती सातवीत शिकणाऱ्या लेकीला, कांताला, घेऊन माहेरी परत आली. भाऊ पत्रूच्या घरी पहिले काही महिने काढले, मग भावजयीचा चेहरा वाचून शहाणपणाने वेगळी झोपडी बांधली. चूल वेगळी झाली. म्हणजे नियमाने वाटाही वेगळा.

"केवळभाऊ," ती म्हणाली, "माही चूल आता वेगळी हाय. मले जाळ्यात घ्या. माह्या हातची पट्टी पाहून घ्या, एक गाठ ढिली निघाली तर सांगजा."

केवळरामने बोटांवर काही मोजलं. मग म्हणाला, "चंदा, तू गावची लेक. मले काय तुह्याशी दुश्मनी हाय? तुहा हक मी नाई म्हणून नाई राह्यलो. पण जाळं तेरानं भागत नाई. पाच हजार चाळीस तेरा घरात वाटले का नऊ डोळे उरतेत. ते नऊ कोनाचे?"

"मंग चार डोळे वाढवा न भाऊ. चार वाढवले का बरोबर भागते."

हिशेबाला ती पक्की होती. पाच हजार चव्वेचाळीस, तेरा घरांत तीनशे अठ्ठ्याऐंशी. बैठकीतल्या दोघातिघांनी मानही डोलावली. पण केवळरामने हात वर केला.

"गिनती नाई बदलत, बाई. झिंगूबुढ्यानं बांधलेली गिनती हाय. माह्या बापानं एक डाव बदलवली होती. त्या साली तलावात निरा चिखल राह्यला."

त्या वर्षी पाऊसच पडला नव्हता, त्याला ना गिनती जबाबदार होती ना त्याचा बाप. पण हे केवळरामला सांगणार कोण? पत्रू खाली मान घालून काडीने मातीत रेघा ओढत बसला. बैठक मोडली.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मी फुलून गेले. एवढा मोठा माणूस मला जिवापाड जपतो, एका डोळ्यानेही बदलू देत नाही! आणि मग मी चंदाबाईकडे पाहिलं. ती पाळीवरून एकटीच उतरत होती, आणि डाव्या हाताची बोटं दोरा नसताना दोरा ओढल्यासारखी हलत होती. माझं फुलणं तिथेच ओसरलं. माझ्या पोटात तेरासाठी जागा होती. पहिल्यापासून होती. आणि माझंच नाव पुढे करून तेराव्या चुलीला परत पाठवलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि आम्हा संख्यांना तोंड नसतं. एवढी चीड मला कधी आली नव्हती.

जाळ्यात वाटा नाही म्हणजे तलावात वाटा नाही. मग राहिलं काय? आमच्याकडची माणसं संक्रांतीच्या सुमाराला टेम्पोत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळा लागला की परततात. चंदाबाईनेही टेम्पोत नाव सांगितलं. कांताला मागे ठेवायला घर नव्हतं. म्हणजे तिलाही न्यायचं, म्हणजे शाळा सुटली. आमच्याकडे अशी सुटलेली शाळा सहसा परत धरली जात नाही.

आता केवळरामची सून, भाग्यश्री. गडचिरोलीच्या कॉलेजात गणित घेऊन शिकलेली. सकाळी अंगणात वस्तीतल्या पोरांची शिकवणी घेते. त्या दिवशी पोरं कंटाळली होती, म्हणून तिने एक गंमत काढली.

"कोणताही तीन आकडी आकडा सांगा. मी तोच पुढं पुन्हा लिहिते. जो सहा आकडी आकडा बनेल ना, त्याले सातानं, अकरानं अन् तेरानं, तिघाईनं भाग जाईल. पैज लावता?"

पोरांनी आकडे फेकायला सुरुवात केली. कोणी तीनशे पंचेचाळीस म्हणालं, कोणी एकशे आठ. प्रत्येक वेळी भाग जाई आणि पोरं आरडाओरडा करत. कांताची शिकवणीतली ही शेवटचीच सकाळ होती, ती कोपऱ्यात गप्प बसली होती. "कांता, तू सांग," भाग्यश्री म्हणाली. कांताने वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी असतो तोच शब्द उचलला, "सातशे वीस."

भाग्यश्रीने फळ्यावर ७२० लिहिलं. त्याच्या पुढे पुन्हा ७२०. आणि तिचा हात थांबला.

मित्रांनो, इतक्या पिढ्या माझा गजर झाला, पण तोंडी. त्या वस्तीत मला आकड्यांत कोणी कधी लिहिलंच नव्हतं. फळ्यावर मी पहिल्यांदा माझं रूप त्या लोकांच्या नजरेला दाखवलं. भाग्यश्रीने खडू घट्ट धरला, तेराने भागायला घेतलं, आणि एकेक आकडा खाली उतरत गेला. पंचावन्न हजार चारशे चाळीस. खाली बाकी शून्य. अहाहा! ते शून्य तिने लिहिलं तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, फक्त आकडे आहेत.

पोरांना तसंच सोडून ती पदर खोचत धावली. चंदाबाई गाठोडं बांधत होती. टेम्पो दुपारी यायचा होता.

"आत्याबाई, भागते! तेरानं भागते!"

"पोरी, नऊ उरतेत. मी सतरा डाव करून पाह्यलं."

"लांबी नाई भागत. पण पूरं जाळं भागते. एकेका चुलीले पंचावन्न हजार चारशे चाळीस डोळे. एक बी उरत नाई!"

चंदाबाई खाली बसली. "मंग पट्टी किती रुंद धरायची?"

इथे भाग्यश्री अडली. तिने मातीत बोटाने हिशेब केला. एकशे त्रेचाळीस खोलीची पट्टी धरली तर तीनशे सत्याऐंशी रांगा पुऱ्या होत होत्या आणि पुढे नव्व्याण्णव डोळ्यांची एक अपुरी रांग लोंबत होती. तिचा चेहरा उतरला. गणित बरोबर होतं, पण अशी दातेरी पट्टी कोणी विणणार कशी आणि शेजारच्या पट्टीला जोडणार कशी? माझाही जीव टांगणीला लागला. मी भागत होते आणि तरीही भागत नव्हते.

चंदाबाईने कोपऱ्यात पडलेला जुन्या जाळ्याचा तुकडा उचलला. सवयीने उभा धरला, जसा इथे सगळेच धरतात. क्षणभर त्याकडे पाहिलं. आणि तो आडवा फिरवला.

"अवं पोरी," ती हळूच म्हणाली, "हे इथी सारे उभंच काऊन धरतेत? माह्या सासरी नदीचं जाळं आडव्या पट्ट्यायचं राहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच लांब पट्टी, अन् एकाखाली एक जोडायची. खोली किती हाय आपली?"

"एकशे त्रेचाळीस," भाग्यश्री म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तेरा अकरे एकशे त्रेचाळीस! आत्याबाई, एका चुलीले अकरा रांगा!"

बघा, केवढी साधी गोष्ट. तलावावरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मला उभंच कापलं. माझे दोन, तीन, पाच, सात लांबीत होते, ते त्यांना सापडले. अकरा आणि तेरा मात्र खोलीत दडून बसले होते, आणि खोली वाटायची असते हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. एकीला पाटीवरचं गणित आलं, दुसरीला नदीवरचं विणकाम आलं, आणि दोघींच्या मध्ये मी लख्ख उभी राहिले.

टेम्पो आला तेव्हा पाळीवर सगळी वस्ती जमली होती. चंदाबाईचं गाठोडं कोणीतरी आधीच वर चढवलं होतं आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. भाग्यश्री सासऱ्यापुढे उभी होती. डोक्यावर पदर होता, पण आवाज खाली नव्हता.

"मामाजी, गिनती बदलत नाई. एक डोळा बी कमी नाई, एक बी जास्त नाई. पाच हजार चाळीस लांब, एकशे त्रेचाळीस खोल, तशीच राहते. फक्त पट्टी आडवी."

केवळरामने घरातून चिंचोक्यांची थैली आणवली. सुनेच्या गणितावर त्याचा विश्वास नव्हता असं नाही, पण बोटांनी मोजल्याशिवाय तो देवालाही मानत नाही. एकशे त्रेचाळीस चिंचोके मोजून काढले आणि पाळीवर तेरा ठिकाणी एकेक टाकत गेला. फेरीमागून फेरी. ड्रायव्हरही हॉर्न सोडून खाली उतरून बघायला आला. शेवटचा चिंचोका तेराव्या ढिगावर पडला आणि केवळरामचा हात रिकामा झाला. त्याने तळहात उलटा करून पाहिला, कुठे एखादा चिकटला तर नाही ना.

एकही नव्हता. पण म्हातारा इतक्यात हार मानतो होय!

"भागलं," तो म्हणाला, "पण आडव्या पट्टीत सारखेपणा कुठी हाय? वरची पट्टी पाण्यावर मजेत तरंगते. खालची चिखलात घासते, खोडावर अडते, ती दर डावाले फाटन. खालची पट्टी कोन घेईल?"

प्रश्न खोटा नव्हता. उभ्या पट्टीत सगळ्यांच्या वाट्याला थोडा चिखल यायचा. बारा घरं एकमेकांकडे पाहू लागली.

"मले द्या," चंदाबाई म्हणाली. "खालची माही. फाटली तर सांधीन, अन् फाटू बी देनार नाई. पन मले वाटा पायजे, दया नाई पायजे."

मग काडीने रेघा ओढणारा तिचा भाऊ पत्रू उठला. सरळ टेम्पोवर चढला, बहिणीचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि खाली उतरला. ते त्याने बहिणीपुढे ठेवलं. "माह्याच्यानं त्या दिवशी बोलणं झालं नाई, बाई," एवढंच म्हणाला.

केवळरामने चिंचोक्यांच्या तेरा ढिगांकडे पाहिलं, आणि अचानक तो मोठमोठ्याने हसायला लागला. "पाह्यलं का! आमच्या झिंगूबुढ्यानं पह्यलेच सोय करून ठेवली होती! मी म्हणतच होतो, गिनती बदलवू नका म्हणून!"

भाग्यश्रीने पदराआड हसू दाबलं. मी दाबलं नाही. घेऊ द्या त्याला तेवढं श्रेय. टेम्पो दोन जागा रिकाम्या घेऊन गेला, आणि कांता दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मला आणखी काय हवं होतं?

मग उरलेला हिवाळाभर तेरा अंगणांत मी विणली जात होते. आडवी पट्टी विणायला बारा घरांना चंदाबाईकडूनच शिकावं लागलं. केवळरामही शिकला, आणि पहिल्या दिवशी त्याच्या चार गाठी तिने बोटाने ताणून सोडवून दाखवल्या. तिची स्वतःची पट्टी तर बघत राहावी अशी होती. दुहेरी दोरा, गाठ मारली की वर पुन्हा दाब. यात्रा आटोपल्यावर तेरा पट्ट्या एकाखाली एक जोडल्या, डोळ्याला डोळा बांधून. केवळरामने खडा आवाज लावला, आणि माझ्या नावाचा असा गजर झाला की पाळीवरचे बगळे उडाले. या वेळी गजरात एक आवाज नवीन होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता.

होळीनंतर पाणी उतरलं आणि जाळं तलावात पडलं. दोन्ही काठांवर माणसं, दोन्ही टोकांचे दोर खांद्यावर. अर्ध्या तलावापर्यंत सगळं छान आलं. आणि मग जाळं अडलं. तेच ते बुडालेलं खोड, ज्यावर तयार जाळं फाटलं होतं. दोर ताणला, माणसं मागे झुकली, पण जाळं हलेना. आत मासळी उसळायला लागली होती. ओढावं तर फाटेल, सोडावं तर सगळं जाईल. केवळरामने "थांबा!" म्हणायच्या आत चंदाबाई पाण्यात होती.

ती बुडी मारून गेली आणि पाणी वर मिटलं. काठावर कांता दोन्ही मुठी तोंडावर धरून उभी होती. मी तर त्या पाण्यातच होते, मित्रांनो, म्हणून मला दिसत होतं. खोडाची तुटकी फांदी खालच्या पट्टीत घुसली होती आणि तिच्या दुहेरी दोऱ्याने ती तोलून धरली होती. एक गाठ सुटली नव्हती. चंदाबाईने चाचपून फांदी शोधली, पट्टी वर उचलली, खोडावरून अलगद सोडवली आणि वर येऊन ओरडली, "ओढा!"

ओढलं! काय ओढलं म्हणून सांगू! कतला, रोहू, मरळ, काठ नुसता चंदेरी झाला होता. एक कतला तर असा निघाला की पत्रूने त्याला मिठीत घेतलं आणि दोघेही आडवे झाले. माणसं हसत होती, बायका शिट्ट्या मारत होत्या, हो, बायका. आणि माझ्या सात लाख वीस हजार सातशे वीस डोळ्यांपैकी एकही फाटला नव्हता. मासळीचे तेरा ढीग पडले. सगळे सारखे. चंदाबाई ओल्या लुगड्यात आपल्या ढिगाशी उभी होती, आणि ती रडत होती की चेहऱ्यावरून तलावाचं पाणी ओघळत होतं, हे मी सांगणार नाही.

केवळराम तिच्यापाशी आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढच्या डावाले खालची पट्टी माही. त्याच्यानंतर पत्रूची. पाळीपाळीनं."

असा माझा विजय झाला, मित्रांनो. आता आजूबाजूच्या शाळांतली पोरं मला बघायला पाळीवर येतात, मातीत ७२० दोनदा लिहितात आणि तेराने भागून उड्या मारतात. मी आनंदात आहे. चौदावी चूल पेटली तर मला पुन्हा उभी धरा, तीनशे साठ डोळ्यांची पट्टी येईल. पंधरा झाल्या तर तीनशे छत्तीस. सोळा झाल्या तर तीनशे पंधरा. मला चिंता नाही.

आणि सतरावी? तिथे माझं काही चालत नाही. उभी कापा, आडवी कापा, कशीही कापा, सतराने मला भाग जात नाही. एखाद्या दिवशी कोणी बाई गाठोडं घेऊन, पोर कडेवर घेऊन या पाळीवर येईल, आणि तेव्हा कोणी केवळराम हात वर करून म्हणेल, गिनती नाही बदलत.

त्या वेळी मला जपू नका. छत्री म्हणते मला फेकू नका, घड्याळ म्हणतं मला दुरुस्त करा. मी उलटं मागते. लांबीला साठ डोळे आणखी विणा. पाच हजार शंभर होतील, सतरा चुलींत तीनशे तीनशे, एकही उरणार नाही. मी त्या जाळ्यात नसेन. तिथे दुसरीच कोणी असेल, सात लाख एकोणतीस हजार तीनशे. तिचाही असाच गजर करा, आणि त्या नव्या बाईला म्हणा, ये, तुझी पट्टी इथून सुरू होते.